मोर्चाचे यजमान

माझ्या ताईच्या दिरांना या जगात एकच गोष्ट कळत असे, आणि ती म्हणजे लग्न. लग्न म्हणजे संसार नव्हे. संसारातलं त्यांना काही कळत नाही, याबद्दल त्यांच्या घरात चुलीपासून गोठ्यापर्यंत एकमत होतं. मी म्हणतोय ते लग्नकार्य : निमंत्रणं, मांडव, मानपान, रुसवे, वरात आणि पंगती. बाकीचं सगळं जग त्यांनी याच साच्यात बसवून टाकलं होतं. कुठलीही बाब समोर आली की यात वरपक्ष कोण आणि मुलीकडचे कोण, एवढं ते आधी ठरवत, आणि मग पुढचं त्यांना आपोआप सुचत जाई. विद्यापीठ हा वरपक्ष. "ते काय बी मागू शकते, आपुन हात जोडाचे," असं म्हणून ते परीक्षेला बसत, आणि नापासाचा कागद हाती आला तरी स्थळाकडून नकार आल्यासारखी त्याची शांतपणे घडी घालून ठेवून देत. एकदा अकोल्याच्या कॉलेजची क्रिकेट टीम आमच्याशी खेळायला अमरावतीला आली. पाहुणे उपाशीपोटी मैदानात कसे उतरतील, म्हणून यांनी सामन्याच्या आधी त्यांना वसतिगृहात बसवून शिऱ्याचा आग्रह केला. आग्रह म्हणजे आमच्या वऱ्हाडातला आग्रह. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात. पाहुण्यांच्या गोलंदाजाला नंतर धावणं जमेना, तो चालत येऊन चेंडू टाकू लागला. आम्ही सामना जिंकलो. सगळं कॉलेज नाचत होतं आणि हे एकटे तोंड पाडून बसले होते. "दारी आलेले पाव्हणे हरवून पाठवले बाप्पा! आता काय तोंड दाखवाचं अकोल्याले?" त्या दुःखात ते दोन दिवस आमच्या कप्तानाशी बोलले नाहीत.

मी मूळचा अकोल्याचा, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातला, आणि स्वभावाने इतका भित्रा की सायकलची घंटीसुद्धा मी रस्त्यात कोणी नसेल तेव्हाच वाजवत असे. कॉलेजसाठी अमरावतीला जायचं ठरलं तेव्हा वडिलांनी सांगून टाकलं की ताईचे धाकटे दीर तिथेच शिकतात, त्यांच्याच खोलीत राहायचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यायच्या शब्दाबाहेर जाऊ नोको. आपली पोरगी त्यायच्या घरी नांदून राहिली, एवढं ध्यानात ठेवजो." या एका वाक्यानं माझं सार्वजनिक जीवन सुरू झालं. ताईचे दीर म्हणाले सभेला चला, की मला तेल्हाऱ्यात सासरी भाकरी थापणारी ताई दिसे आणि मी मुकाट्यानं चप्पल पायात घाली. घोषणा द्या म्हणाले की देत असे. पुढे कॉलेजात मी चळवळीतला कार्यकर्ता म्हणून ओळखला जाऊ लागलो, तो निव्वळ बहिणीच्या सुखासाठी. ताई त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून मीही भाऊजी म्हणू लागलो, माझं ऐकून खोलीतला तिसरा म्हणू लागला, मग सगळं वसतिगृह, मग खानावळीचे महाराज, आणि एक दिवस खुद्द प्रिन्सिपल साहेब शिपायाला म्हणाले, "त्या भाऊजीला बोलव जरा." मला मात्र ते 'सोयरे' म्हणत आणि वयानं चार वर्षं मोठे असून अहो-जाहो करत. सोयऱ्याला अरे-तुरे करणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

आमच्या खोलीतला तिसरा म्हणजे वामन. तोही अकोल्याचा. त्याचे वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये मजूर होते. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं, सगळ्या वस्तीबरोबर, बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि वामनच्या उशाशी खिळ्याला बुद्धाचं एक छोटं चित्र टांगलेलं असे. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि पदार्थविज्ञानात कॉलेजात पहिला होता. हुशार पण गरीब मुलांची फी माफ होई, त्याला तेव्हा नादारी म्हणत. वामन पहिल्यापासून नादारीवर शिकत होता. तो बोलायचा कमी, पण बोलला की सुई टोचल्यासारखं बोलायचा. भाऊजींना त्याच्या बोलण्याचं फार कौतुक. "वामन आपल्याकडचा वकील हाये," असं ते म्हणत. लग्नाच्या बैठकीत असा एक माणूस आपल्या बाजूला लागतोच, असं त्यांचं मत होतं.

भाऊजींची एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात पुस्तकं असावीत असा त्यांच्या वडिलांचा समज होता. प्रत्यक्षात सुतळीचे गुंडे, खिळे, हातोडी, सुपाऱ्यांची पिशवी आणि हळद लावलेल्या तांदळाची एक पुडी असे, कारण अक्षत दिल्याशिवाय कोणाला बोलवायचं नाही हा त्यांचा नियम होता. वादविवाद मंडळाच्या सभेलाही ते खोलीखोलीत जाऊन अक्षता देत, त्यामुळे ऐनवेळी सभेला आलं नाही तर पाप लागेल असं मुलांना वाटे. खोलीच्या भिंतीवर त्यांनी एक रिकामी चौकट टांगून ठेवली होती. सागवानी, काच लावलेली, मागच्या पुठ्ठ्यासकट. "बी.ए.चा कागद आला का थेट लावतो. घरात पयला कागद हाये," ते म्हणत. ती चौकट ते दर रविवारी पुसत. त्यांच्या अभ्यासातला तेवढा भाग मात्र नियमित होता.

आणखी एक खोड होती, तिच्यावर महाराज वैतागत. भाऊजी जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसत. खानावळीत पान मांडलं की हे भाजीची बादली घेऊन रांगेतून फिरायचे. "घ्या ना एक पोई, काहून लाजून राहिले?" आमच्याच पैशाची पोळी आम्हाला आग्रहानं वाढताना त्यांचा चेहरा उजळून जाई. सगळे उठले की मग भांड्याच्या तळाशी जे काही असेल ते घेऊन बसायचे. वरणावर तोवर साय धरलेली असे. मी एकदा म्हटलं, भाऊजी, आमच्याबरोबर बसा की. तर म्हणाले, "यजमान कधी पयल्या पंगतीत बसते का? अन् मले गरम खाल्लं का पचत बी नाई." त्यांच्या पोटाबद्दलची ही माहिती मी वडिलांना पत्रानं कळवली. तेवढाच आपल्या काळजीचा पुरावा ताईच्या सासरी पोचावा, हा माझा हेतू.

ही अशी सगळी मजा चालली असताना एका सकाळी कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. त्या काळात आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि कुठला कागद कुठल्या शहरात अडकलाय हे कोणालाच सांगता येत नसे. नोटिशीत लिहिलं होतं की अनुदानात कपात झाल्यामुळे फी वाढवण्यात येत आहे, नादारीच्या जागा निम्म्या करण्यात येत आहेत, संध्याकाळचं वाचनालय बंद राहील, आणि मुदतीत फी न भरणाऱ्यांची नावं पटावरून कमी करण्यात येतील. मुदत होती पोळ्यानंतरच्या सोमवारची. खाली नादारी मिळालेल्यांची यादी होती. ती आम्ही वरून खाली आणि खालून वर वाचली. वामनचं नाव नव्हतं.

वामननं घरी कळवलं नाही. "कळवलं तर बाबा दुसरी पाळी धरतील," एवढंच म्हणाला आणि वहीत गणित सोडवत बसला. पण त्या दिवशी त्यानं पानच्या पान खोडलं. नाव कटलं की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की जिनिंग. ते त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. भाऊजी आधी नोटिशीच्या वेळेवरच भडकले. "कापूस अजून झाडावर हिरवा हाये अन् हे फी मागून राहिले! अरे, हुंडा बी माणूस कापूस इकल्यावर मागते!" मग खोलीत चार येरझाऱ्या घालून त्यांनी ट्रंक उघडली, सुतळीचा गुंडा बाहेर काढला आणि म्हणाले, "सोयरे, कार्य काढा लागते."

वामननं वहीतून मान वर केली. "भाऊजी, माह्यावर दया म्हणून मोर्चा काढत असान, तर मी येत नाई. नादारी हक्काची हाये म्हणून काढत असान, तर निवेदन मी लिहितो."

भाऊजींना हे ऐकून आश्चर्यच वाटलं. "दया कोणावर कराची बावा? यात मुलीकडचे आपुन सगळेच हाओत. लिही."

निवेदन वामननं लिहिलं, आणि ते इतकं सरळ आणि नेमकं होतं की त्याची नक्कल करताना माझाही भित्रेपणा थोडा वेळ गेला. बाकी सगळी तयारी भाऊजींची. फलकांची जबाबदारी ज्यांची अक्षरं चांगली त्यांच्यावर, पाण्याच्या घागरी पहिलवानांकडे, आणि रुसव्यांसाठी एक वेगळी कमिटी. आम्ही हसलो, पण मोर्चाच्या आदल्या दिवशी ती कमिटी सगळ्यात जास्त राबली. विद्यार्थी मंडळाचा चिटणीस आणि कबड्डीचा कप्तान या दोघांनाही मोठं कापड धरून पुढे चालायचं होतं. भाऊजींनी दोघांच्या हाती एकेक काठी दिली. तिसरा एक जण काठी मिळाली नाही म्हणून खोलीत कडी लावून बसला, त्याच्या दाराशी जाऊन ते अर्धा तास विनवत होते, आणि शेवटी त्याच्या हाती मानाचा नारळ देऊन त्याला बाहेर काढलं. मोर्चाचा नारळाशी काय संबंध, असं वामननं विचारलं. "संबंध नसते, मान असते," भाऊजी म्हणाले. मग ते मला बरोबर घेऊन प्रिन्सिपल साहेबांच्या घरी गेले आणि त्यांच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाले, "सर, उद्या तुमच्या विरोधात मोर्चा हाये. अगत्यानं यावं." साहेबांनी सवयीनं अक्षता कपाळाला लावल्या आणि मग त्यांना घाम फुटला. बाहेर आल्यावर मी विचारलं, ज्यांच्याविरुद्ध मोर्चा त्यांनाच निमंत्रण? भाऊजी चकित होऊन म्हणाले, "मंग? ज्याच्या दारात मांडव, त्यालेच बोलवाचं नाई?"

जवाहर गेटजवळ एक बँड होता. भाऊजींच्या सोयऱ्यांतली निदान दहा-बारा लग्नं त्या बँडमास्तरानं वाजवली होती, त्यामुळे शब्द टाकताच तो आपल्या लाल कोटातल्या सगळ्या माणसांसह हजर झाला. दोन-अडीचशे मुलं वसतिगृहापासून निघाली. मास्तराला लग्नातल्याच चाली येत होत्या. एक कडवं वाजवून तो थांबे, आम्ही "फीवाढ रद्द करा!" म्हणून ओरडत असू, की क्लॅरिनेट पुन्हा सुरू. घराघरांतून बाया ओट्यावर आल्या. एका म्हाताऱ्या आजीनं मोठ्यानं विचारलं, "नवरदेव कोणता व्हय वं?" सुपाऱ्यांची पिशवी माझ्या हातात होती म्हणून कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि आजीनं पुढे येऊन माझी दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. "नादारी हक्काची" असा फलक वाचून तिनं सुनेला काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

पुढे रस्ता फुटत होता. डावीकडे कॉलेज, उजवीकडे मारुतीचं देऊळ. बँड उजवीकडे वळला. बँडमागे चालायची आम्हा सगळ्यांना लहानपणापासूनची सवय. काठीवाले वळले, नारळवाला वळला, अडीचशे मुलं घोषणा देत वळली आणि मारुतीच्या पारापाशी येऊन उभी राहिली. बँड थांबला. मास्तरानं रुमाल काढून तोंड पुसलं.

भाऊजी धावत पुढे आले. "मास्तर, इकडे कुठी? कॉलेज तिकडे राहिलं!"

मास्तरालाही आपली चूक तेव्हाच उमगली असावी, पण तो कलाकार माणूस, माघार कसला घेतोय! म्हणाला, "भाऊजी, तीस साल से बजा रहा हूं. बारात आधी मारुतीपास रुकती. सामनेवाले लेने आये बगैर आपना पाव आगे नई पडता. दस्तूर है." आणि त्यानं क्लॅरिनेट चक्क पिशवीत घातलं.

आता आमच्याकडे हे खरंच असं असतं. वऱ्हाड परगावाहून येतं ते आधी मारुतीपाशी उतरतं, मुलीकडचे तिथे येऊन मानानं घेऊन जातात, तोवर कोणी हलत नाही. एखाद्या पुणेरी पुढाऱ्यानं बँडला चार शब्द सुनावून मोर्चा फिरवला असता. भाऊजी मात्र पाराकडे पाहत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. आयुष्यात पहिल्यांदा आपण वरपक्षात आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मुलं पारावर चढून सावलीत बसू लागली. वामन रस्त्याच्या पलीकडे निवेदन घेऊन उन्हात उभा होता. भाऊजींनी पारावरून हाक मारली तसा तो तिथूनच म्हणाला, "माह्या आजाले असल्या पारावर चढू देत नव्हते, अन् आता मले चढाचं नाई. तुमी बसा. मी इथं बरा हावो." भाऊजी पारावरून खाली उतरले, रस्ता ओलांडून वामनपाशी गेले आणि धोतर सावरून भर रस्त्यात मांडी घालून बसले. "कागद ज्याच्या हाती, वऱ्हाड त्याच्यापाशी," ते म्हणाले. "अन् पारावर जागा बी कमीच हाये." मग एकेक करत सगळी मुलं पारावरून उतरली आणि रस्त्यावर येऊन बसली. शेवटी बँडही आला. टांगे अडले. मग वामनही खाली बसला, भाऊजींच्या शेजारी.

"सोयरे," भाऊजींनी मला फर्मावलं, "जा, प्रिन्सिपल साहेबाले सांगा, वऱ्हाड मारुतीपाशी येऊन बसलं."

मी ताईचं स्मरण करून निघालो. प्रिन्सिपल साहेब खुर्चीत घामाघूम होऊन बसले होते. सकाळपासून मोर्चाची वाट पाहत होते आणि मोर्चा काही येत नव्हता. हा गृहस्थ मुळात गुणी. शेतकऱ्याच्या घरचा, तीन मुलींची लग्नं लावलेला. मी आत गेलो आणि घाबरून सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "सर, वऱ्हाड मारुतीपाशी येऊन बसलं." साहेब ताडकन उठले. डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं. "किती माणूस आहे? चहाचं सांगितलं का? अरे, कोणीतरी पुढे व्हा!" शिपायाला चहाला पिटाळून ते माझ्या पुढे लगबगीनं चालू लागले. अर्ध्या रस्त्यात पाय मंदावले. थांबून माझ्याकडे पाहत म्हणाले, "पण काय रे, तो मोर्चा आहे ना?"

"हो सर."

"मग मी कशाला चाललोय?"

कुठून धीर आला देव जाणे, मी म्हणालो, "सर, तुम्ही घ्यायला आल्याशिवाय ते उठायचे नाहीत." तेवढ्यात मास्तरानं त्यांना लांबून पाहिलं आणि बँड सुरू झाला. आता परत फिरणं शक्य नव्हतं. समोरून वाद्यं वाजत असताना पाठ फिरवून जाणारा मुलीचा बाप आमच्या वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. साहेब आले. भाऊजींनी त्यांच्या गळ्यात हार घातला, नारळवाल्यानं नारळ दिला, आणि वामननं उभं राहून निवेदन वाचलं. त्याचा आवाज एकदाही कापला नाही. नादारी ही मेहेरबानी नसून शिकणाऱ्याचा हक्क आहे; कापूस बाजारात येण्याआधी फी मागणं म्हणजे शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलाला दार दाखवणं आहे. साहेब उन्हात उभ्यानं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू लिहिलंस?" वामन हो म्हणाला. साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मी हे कॉलेजच्या नियामक मंडळापुढे ठेवतो. तोवर कोणाचंही नाव कटणार नाही." मग आमच्या पुढे चालत त्यांनी अडीचशे जणांना कॉलेजात नेलं आणि चहा पाजला. चहाच्या किटल्या घेऊन कोण फिरत होतं, हे सांगायला नको.

आठवड्यानं मंडळाचा निकाल आला. नादारीच्या जागा पूर्ववत. वाढीव फी दिवाळीनंतर, हप्त्यानं. वाचनालय मात्र बंद ते बंदच राहिलं. आम्ही टोप्या उडवल्या. संध्याकाळी साहेबांनी आम्हा पाच-सहा जणांना खोलीत बोलावलं आणि टेबलाकडे पाहत सांगितलं, की मंडळाची एक अट आहे. शिस्तभंग झाला, तेव्हा एक नाव पटावरून कमी झालं पाहिजे. पुढारी कोण होता, ते त्यांना हवं आहे. ते बोलताना साहेबांचं तोंड उतरलं होतं.

आम्ही सगळे जमिनीकडे पाहू लागलो. मी तर इतका खाली पाहत होतो की मला फक्त माझ्या चपलेचा अंगठा दिसत होता.

"एकच ना?" भाऊजींनी विचारलं.

"एकच."

"मंग लिहा ना सर. निमंत्रण माह्याच हातचं होतं."

आज इतक्या वर्षांनी खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिली आली ती सुटका. आपलं नाव नाही, एवढंच. लाज तिच्यामागून आली, आणि ती अजून गेलेली नाही. वामन मात्र खोलीत येताच उसळला. "मी मानत नाई हे! उद्या परत मोर्चा काढू!" भाऊजी ट्रंक भरत होते. म्हणाले, "अबे, तुही परीक्षा हाये. कार्य नीट पार पडलं, पाव्हणे जेवून हात धुवून बसले. आता यजमानासाठी काय उरलं, ते पाहाले पुन्हा मांडव घालतेत का कोणी?" आणि स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली. काच धोतराच्या सोग्यानं पुसली. तो काही रविवार नव्हता.

तेल्हाऱ्यात त्यांच्या वडिलांनी, वखराला एक माणूस कमीच होता, एवढंच म्हणून त्यांना शेतात घेतलं. ताईचं पत्र आलं : 'भाऊजी परत आले, बरे आहेत. तुझी फार तारीफ करतात.' ती तारीफ वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. पुढे सुट्टीत तेल्हाऱ्याला गेलो तेव्हा ती चौकट ओसरीत दिसली. तिच्यात त्यांनी आरसा बसवून घेतला होता आणि तिच्यासमोर ते दाढी करत होते. मी पाहतोय हे पाहून हसले. "रिकामी काहून ठेवाची? घरात आरसा नव्हता." आमच्या कॉलेजातल्या कोणाकोणाची खबर त्यांनी विचारली, मास्तराची, महाराजांची, साहेबांच्या दुखऱ्या गुडघ्याची. स्वतःच्या बी.ए.ची गोष्ट त्यांनी काढली नाही, आणि मीही नाही. आम्ही दोघं त्या विषयाला बगल देऊन त्यांचा नवा गोऱ्हा पाहायला गेलो.

सहा-सात वर्षांनी वामनचं लग्न झालं, अकोल्यात. तोवर तो एम.एस्सी. होऊन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागला होता. भाऊजी तेल्हाऱ्याहून बसनं आले ते ट्रंकेसकट. पण त्यांची मोठीच पंचाईत झाली. बौद्ध पद्धतीचं लग्न. ना मुहूर्त, ना अक्षता, ना मारुती, ना मानपान. वंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, लोकांनी फुलं टाकली आणि लग्न लागलं. भाऊजींनी मला बाजूला ओढून काळजीच्या सुरात विचारलं, "सोयरे, रुसाले कोणीच नाई का हो?" कोणीच नव्हतं. थोडा वेळ ते हात चोळत उभे राहिले. मग त्यांना पलीकडे मांडव बांधायचं काम कच्चं राहिलेलं दिसलं आणि सुतळी कामी आली. पंगत मांडायच्या वेळी तर त्यांनी धोतर खोचून वरणाची बादलीच उचलली.

पहिल्या पंगतीत वधूवरांची पानं मांडलेली होती. वामन येऊन उभा राहिला, पण बसला नाही. लोक म्हणाले, बस ना बावा. तो गळ्यातल्या हारासकट सगळी रांग ओलांडून थेट भाऊजींपाशी गेला. नव्या नवरदेवानं आपल्याकडे का यावं, ते भाऊजींना कळेना. ते म्हणाले, "काय कमी पडलं बावा?"

"तुमी," वामन म्हणाला. "भाऊजी, घ्याले आलो हावो. तुमी बसल्याबिगर पंगत सुरू होत नाई."

"अरे, मी मागून... यजमान कधी..."

"आज यजमान मी हावो," वामन म्हणाला, आणि त्यानं त्यांच्या हातातली बादली काढून माझ्या हातात दिली.

त्यानं त्यांना आपल्या शेजारच्या पानावर बसवलं. भाऊजी फार अवघडले होते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहत होते, कोणाला पोळी मिळाली, कोणाला नाही. मी बादली घेऊन त्यांच्यापुढे आलो आणि भातावर वरण वाढलं. थोडं पत्रावळीबाहेर सांडलं. त्यांनी सवयीनं पान आडवा हात धरून झाकलं, मी त्यांच्याच रीतीनं थोडं हातावर वाढलं. त्यांनी हात झटकला आणि मग पहिला घास कालवून तोंडात घातला.

आणि एकदम थांबून, फुंकर घालत, लहान मुलाच्या आश्चर्यानं माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "सोयरे, वरण गरम हाये!"